गंगापूर रोडचे पोर्तुगीज

सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा ‘ये, बस’ म्हणायच्या आधी ‘नांदगाव’ म्हणाले. मी दारात उभी राहून फक्त एवढंच विचारलं होतं, की पोर्तुगीजचा क्लास इथेच आहे का. त्यांनी डोळे मिटले, मान जराशी डावीकडे कलती केली आणि म्हणाले, “नांदगाव. आई मात्र सटाण्याकडची. आणि तुझं ‘आहे’ शिकलेलं आहे. नाशकात येऊन किती वर्षं झाली, आठ?”

सात झाली होती. त्या सात वर्षांत ‘हाय’चं ‘आहे’ आणि ‘नाय’चं ‘नाही’ करायला मी जेवढी मेहनत घेतली होती, तेवढी पदवीसाठीही घेतली नव्हती. ऑफिसात सगळे मला कॉलेज रोडला जन्मलेली समजत आणि मी त्यांना समजू देत असे. हा माणूस दारातच माझी सात वर्षं पाण्यात घालतो म्हणजे काय? असा राग आला की तसंच मागे फिरावं. पण दिंडोरीजवळच्या ज्या वायनरीत मी नोकरी करते तिथल्या मालकांनी, म्हणजे आमच्या दादांनी, मला पोर्तुगीज शिकायचा हुकूम सोडला होता. द्राक्षांची वाईन सुधारायला तिकडून एक बाई सल्लागार म्हणून येणार होत्या आणि त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. अख्ख्या नाशकात पोर्तुगीज शिकवणारा माणूस हा एवढाच. म्हणून मी आत जाऊन बसले.

क्लास म्हणजे सरांच्या फ्लॅटमधली बाहेरची खोली. खाली दातांचा दवाखाना. खाली पेशंट ‘आ’ करून बसलेले आणि वर आम्ही. दवाखान्यातलं ड्रिल सुरू झालं की सर शिकवता शिकवता थांबायचे आणि म्हणायचे, “बेअरिंग जाणार याचं. दोन महिने.” दोन महिन्यांनी डॉक्टर स्वतः वर येऊन विचारायचे की तुम्हाला कसं कळलं.

कारण सर भाषेतले नव्हतेच. त्यांचा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला गेला. हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर होता त्यांच्याकडे. त्याचं टोक चालू मशीनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकायचं. आत काय झिजलंय, काय तुटणार आहे, कोणाला तेल हवंय, सगळं ते सांगायचे. तीसएक वर्षांपूर्वी त्या कारखान्यात पोर्तुगालहून एक मशीन आलं. मशीनबरोबर पोर्तुगीज शिकायच्या आठ कॅसेटी आल्या, एक पुस्तक आलं आणि महिन्याभरात त्यांचा मेकॅनिक येईल असा निरोप आला. साहेबांनी सरांना सांगितलं, तो यायच्या आत भाषा शिकून ठेव. सर शिकले. मेकॅनिक आला नाही. मशीन एकदाही सुरू न होता भंगारात गेलं, पुढे कारखानाही बंद पडला, साहेब वारले. सर मात्र शिकतच राहिले, कारण थांबा असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यांचा सगळा जीव स्वरांवर. व्याकरण कोणीही शिकतो म्हणायचे. टेलिफोन या शब्दात पोर्तुगीज माणूस चार स्वर लिहितो आणि बोलतो एक. ‘त्ल्फॉन्’. मी विचारलं, बाकीचे तीन कुठे जातात? सर म्हणाले, पोटात. मग त्यांनी मला त्यांचा सिद्धान्त सांगितला, जो पुढे मी किमान दोनशे वेळा ऐकला. “घरचा माणूस स्वर खातो. पाहुणा सगळे ताटात वाढून दाखवतो. आपण ‘करवत’ लिहितो आणि निम्मी खाऊन टाकतो. परका माणूस चारही अक्षरं नीट मांडून ठेवणार. बिचारा.”

म्हणून त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, असली आणि शिकलेला. इंटरनेटवर पोर्तुगीज बातम्या लावायचे, निवेदकानं तोंड उघडलं की म्हणायचे, असली. पाहुणा तज्ज्ञ बोलायला लागला की दुसऱ्या शब्दाला, शिकलेला. आणि ते बरोबर निघायचं. आम्ही नंतर शोधून बघायचो, तो तज्ज्ञ खरंच परदेशातून तिकडे गेलेला असायचा. ही सवय नंतर कुठेही लागू व्हायची. भाजीवाली असली, वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू शिकलेले, शेजारचा पोपट शिकलेला. पोपटाबद्दल आमचा वाद नव्हता.

आमचा अभ्यासक्रम असा, की पहिले तीन महिने नुसते स्वर. मिटलेला ए म्हणताना जिभेवर बेदाणा ठेवायचा आणि उघडा ए म्हणताना द्राक्ष. नाकातून काढायच्या स्वरांना कपडे वाळत घालायचा चिमटा, आधी लावून, मग काढून. परीक्षा असली की हनुवटी टीपॉयवर टेकवायची आणि स्वर म्हणायचा. टीपॉयच्या दुसऱ्या टोकाला सर स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटून बसलेले. “जबड्यात हवा आहे,” असा निकाल यायचा. एकदा माझी मैत्रीण मला बोलवायला वर आली आणि तो देखावा बघून तशीच खाली गेली. ती अजून विचारते, तू नक्की काय शिकायला जायचीस?

माझ्याबरोबर दिंडोरीकडचे एक भाऊ होते, द्राक्षबागेत छाटणी करणारे, चाळिशीकडे झुकलेले. पोर्तुगालच्या शेतांवर कामाला जायचं म्हणून शिकत होते. भाऊंना बेदाण्याचा प्रकार मंजूर नव्हता, ते स्वर म्हणायच्या आधी तो खाऊन टाकायचे. पण सर म्हणायचे, याच्यात काहीतरी आहे. सहा महिन्यांनी भाऊ तिकडे गेलेही. असे सरांचे बरेच विद्यार्थी गेले होते, त्याची नोंद मात्र सरांनी कधी ठेवली नव्हती.

या सगळ्यात एक गोष्ट चमत्कारिक होती. ज्या माणसानं तीस वर्षं पोर्तुगीज लोकांचे स्वर तोलले, तो कुठल्याही पोर्तुगीज माणसाशी एक शब्द बोलला नव्हता. मी म्हटलं, आता फोनवरून कोणाशीही बोलता येतं. तर म्हणाले, मोबाईलमध्ये स्वर चेपतो. खरं कारण मला काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, स्वयंपाकघरात सांगितलं. “भितात गं. त्यांचं असं आहे, की असली माणूस असली माणसाला कधी विचारत नाही, तुम्ही कुठे शिकलात. फक्त शिकलेल्याला विचारतात. यांना वाटतं, आयुष्यात एकदा तरी कुणीतरी यांचं ऐकावं आणि ते विचारू नये. बाकी काही मागणं नाही बघ त्यांचं.”

काकू फार बोलत नसत. टेपरेकॉर्डर हा त्या घरात सरांचाच. काकूंच्या गाण्याच्या कॅसेटी त्या बहिणीकडे नेऊन ऐकायच्या. आमच्या टेपवर गाणं संपतच नाही, म्हणायच्या. मला तेव्हा वाटलं, सर मध्ये मध्ये थांबवत असतील.

कॅसेटवरचा तो माणूस आम्हाला सगळ्यांना पाठ झाला होता. भारदस्त, खर्जातला आवाज. ‘बोंऽऽ दीऽऽया’ असं म्हणायचा की समोर तो आरामखुर्चीत बसला आहे असं वाटावं. एक स्वर घाईत टाकायचा नाही. जे स्वर तिकडचे लोक गिळतात म्हणतात, ते गिळतानाही त्याचे ऐकू यायचे. इंटरनेटवरचे लोक याच्या दुप्पट वेगानं का बोलतात असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, ते शहरातले. हा खानदानी आहे.

तर त्या सल्लागार बाई यायच्या ठरल्या. त्याआधी त्यांनी दादांना फोनवर निरोप पाठवला, सगळ्यांना नमस्कार, एवढाच. मी तो सरांना ऐकवला. चेपलेला असला तरी ऐकला त्यांनी. म्हणाले, “असली. पण लहानपणी आठ-नऊ वर्षं फ्रेंच बोलणाऱ्यांत काढली आहेत. शेवटचा स्वर खायचा सोडून ठेवला बघ, पाहुण्यासारखा.” हे मी दादांना सांगितलं. दादा म्हणाले, “मग त्यांनाच घेऊन ये त्या दिवशी. लय मोठा माणूस दिसतोय.”

सर तयार झाले याचं मला आश्चर्य वाटलं. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. गाडीत दिंडोरी येईपर्यंत ते एकच वाक्य पुटपुटत होते, नमस्कार बाई, नाशकात आपलं स्वागत असो. मांडीवर पिशवी, पिशवीत स्क्रूड्रायव्हर. तो कशाला, मी विचारलं नाही. माणसं देवळात जाताना नारळ नेतात, तसा त्यांनी तो घेतला असावा.

हंगाम ऐन भरात होता. द्राक्षांचे क्रेट उतरत होते, स्टीलच्या टाक्यांत रस फसफसत होता, पंप चालू होते, पंधरा-वीस माणसं कामाला. बाई पन्नाशीच्या, हसऱ्या, डोक्यावर गवती टोपी. सगळ्यांशी हात मिळवत आल्या आणि भराभर बोलायला लागल्या. मला दहातला एक शब्द कळत होता. मी सरांकडे बघितलं, तर सर जागेवर नाहीत. ते एका टाकीमागे जाऊन पंपाला स्क्रूड्रायव्हर लावून उभे होते. डोळे मिटलेले, रंग उडालेला. तीस वर्षं ज्याची वाट बघितली, ते समोर आल्यावर मास्तर पंपामागे लपले होते.

बाईंनीच त्यांना शोधलं. जवळ जाऊन कुतूहलानं विचारलं, काय ऐकताय? आता सुटका नव्हती. सरांनी स्क्रूड्रायव्हर खाली घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि आपलं वाक्य म्हटलं. कॅसेटवरच्या माणसाच्या खर्जात, एकेक स्वर त्याच्या मापानं, न गाळता, न सांडता. इतकं सुंदर ते कधी बोलले नव्हते.

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घालून हलक्या आवाजात तीन-चार शब्द बोलल्या. ते मला लगेच कळले, कारण कॅसेट सहा, बाजू दोन, धडा पाचवा. कोणी वारल्यावर घरच्यांना म्हणायचं वाक्य.

मॅडमनी टोपी काढली हे बघून दादांनी टोपी काढली. दादांनी काढली म्हणून मुकादमानं डोक्याचा टॉवेल सोडला. कोणीतरी पंप बंद केला. क्रेट उतरवणारी माणसं होती तिथे हात जोडून उभी राहिली. टाकीतली फसफस सोडली तर कसलाही आवाज नाही. दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “कोण गेलं गं?” मी म्हटलं, कोणी नाही. दादा म्हणाले, “मंग हुबं का राह्यलो आपण?”

मला वाटलं, आपण सावरून घ्यावं. पुढे होऊन मी पोर्तुगीजमध्ये बाईंना म्हटलं, कोणीही गेलेलं नाही, सगळे मजेत आहेत. पण मीही सरांचीच विद्यार्थिनी. बाईंनी मला मिठी मारली आणि पाठीवर थोपटलं. दोन मिनिटं झाली असतील, तेवढ्यात सरांनी डोळे पुसले. म्हणजे त्यांनाही खरंच वाटलं असावं की कोणीतरी गेलं.

जेवताना उलगडा झाला. बाई भरपूर हसल्या, सरांचे हात हातात घेऊन माफी मागितली. बोलता बोलता कळलं, की नऊ वर्षांच्या होईपर्यंत त्या फ्रान्समध्येच वाढल्या. दादा सरांकडे बघतच राहिले. मग बाई मला म्हणाल्या, आणि मला कळावं म्हणून शब्द सुटे करून म्हणाल्या, की तुम्हा दोघांचा एकही स्वर चुकत नाही, असे स्वर हल्ली आमच्याकडेही राहिले नाहीत. पण इतकं सावकाश आमच्याकडे फक्त रेडिओवर बोलतात, देशातलं कोणी फार मोठं गेलं की. हे सर ऐकत होते. त्यांच्या कानातून काही सुटत नसे.

परतीच्या वाटेवर धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, “सर, त्यांनी विचारलं नाही हं, तुम्ही कुठे शिकलात.” सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “दुःखात असलेल्या माणसाला असलं कोणी विचारत नाही.”

घरी आल्यावर चपलाही न काढता ते टेपरेकॉर्डरपाशी गेले. कॅसेट एक लावली. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, टोक टेपवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आयुष्यभर नाशकातली मशीनं ऐकणाऱ्या या माणसानं हे एक मशीन तसं कधीच ऐकलं नव्हतं. पाचच सेकंद लागले. “पट्टा ढिला आहे,” ते म्हणाले. “पहिल्यापासून.”

काकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. “मी तुम्हाला म्हणत होते, गाणं संपत नाही म्हणून.”

“मला वाटलं, तुला ते आवडतं म्हणून म्हणतेस.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी रविवार कारंज्याकडच्या एका जुन्या दुकानातून नवा पट्टा आणून बसवला. मी होते तेव्हा तिथे. कॅसेटवरचा माणूस एकदम चुरचुरीत, पातळ आवाजात भराभर बोलायला लागला. सरांनी दोन मिनिटं ऐकून टेप बंद केला. “तीस वर्षं मी याला साठीचा समजत होतो,” ते म्हणाले, “हा तर पोरगा आहे.” मग थोड्या वेळानं म्हणाले, की मी या माणसाला ओळखत नाही. मला फार वाईट वाटलं. हसूही येत होतं आणि त्या हसण्याची लाजही वाटत होती.

क्लास बंद झाला. दारावरची पाटी उतरली. बातम्या बंद, असली-शिकलेला बंद. मी अधूनमधून जायचे, तर सर दाढी वाढवून पेपर वाचत बसलेले. खाली ड्रिल कुरकुरायचं तरी बोलायचे नाहीत. काकू म्हणाल्या, शेजारचा पोपट परवा यांच्याकडे बघून ओरडला, तर हे त्याला म्हणाले, तू बोल बाबा, मी कोण सांगणार.

पावसाळा सरता सरता मला तिकडून भाऊंचा आवाजी निरोप आला. मी तो ऐकला आणि गाडी काढून थेट सरांकडे गेले. सर नको नको म्हणत होते, मी फोन टीपॉयवर ठेवून बटण दाबलं.

“ताई, लय भारी झालं,” भाऊ सांगत होते. “कामावरून बसनं चाललो व्हतो. मागून कोणी बाई चढली अन् ड्रायव्हरला म्हनली, बोंऽऽ दीऽऽया. म्या न बघताच वळखलं. म्हनलं, गंगापूर रोड? तर ती म्हनली, दातांच्या दवाखान्याच्या वर. सुरगाण्याकडची हाय, इथं म्हाताऱ्यांच्या घरात कामाला. चार वर्सं झाली तिला. मंग आमी बसलो तेच बोलत, पोर्तुगीजच, सरांचं. ड्रायव्हरनं रेडिओ बंद केला. इथं कोणी आमाला इचारत नाय कुठं शिकले म्हनून. इचारतात, कोणच्या गावचे. एक आजी म्हनली, डोंगरात एक गाव हाय, तिथं आशेच बोलत्यात. म्या म्हनलं, तिथलाच. सरांना सांगा. थोडं टेप केलंय, ऐकवा त्यांला.”

पुढे त्या दोघांचं बोलणं होतं. बसचा घरघराट, आणि त्यात दोन माणसं खर्जात, सावकाश, एकेक स्वर नीट गिळत एकमेकांना विचारत होती, की आज भात केला होता का.

सर उठले. आतून स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, टीपॉयला टेकवला आणि डोळे मिटले. मला पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा संपल्यावरही सरांनी डोळे उघडले नाहीत.

“असली,” ते म्हणाले. “दोघंही.”

काकू आत गेल्या. टेपचा जुना पट्टा त्यांनी फेकला नव्हता, पापडाच्या पिशवीला गुंडाळून ठेवला होता. तो त्यांनी सोडून आणला आणि टीपॉयवर ठेवला. सरांनी नवा पट्टा काढून तो परत बसवला. बसवता बसवताच मला म्हणाले, की सोमवारपासून यायचं, तुझा ‘आ’ अजून कच्चा आहे.

“येते सर,” मी म्हटलं, “पन सोमवारी मला लय काम हाय.”

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं, मी काय बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, न ठरवता. सरांचं बोट टेपच्या बटणावर थांबलं. त्यांनी मान डावीकडे कलती केली, माझ्याकडे बघितलं नाही.

“असली,” म्हणाले, आणि बटण दाबलं.